कै. बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर

ज्या गोष्टी आपणांस बाळपणापासून आयत्या मिळतात, त्या कोणी तरी एके काळीं श्रमानें निर्माण केल्या असतील हें सहसा आपल्या ध्यानांत येत नाहीं. मराठी नाटकांतील पात्र बोलतां बोलतां गाऊं लागतें, आणि त्याचें प्रेक्षकांस नवल वाटत नाहीं, ही अशांपैकींच एक गोष्ट होय. हा प्रघात ज्यांनीं पाडला, ते अण्णासाहेब किर्लोस्कर स्वतः कवि, गाणारे व नट असे तिन्ही होते. त्यांनीं आपलीं पदें कशीं रचिलीं, हें आम्ही आज वाचकांपुढें मांडीत आहों.

अण्णासाहेबांचा जन्म ता. ३१ मार्च १८४३ रोजीं बेळगांवकडील गुर्लहोसूर या गांवीं झाला. हा गांव आतां कर्नाटक राज्यांत आहे. मराठी व कानडी या दोन्ही भाषा त्यांस लहानपणींच अवगत झाल्या. योगायोग असा कीं, त्याच १८४३ सालीं सांगली येथें विष्णुदास भावे यांनीं आपला सीतास्वयंवराचा खेळ केला. पुढें धारवाड व कोल्हापूर येथें कांहीं शिक्षण घेऊन अण्णासाहेब १८६३ सालीं पुण्यास आले. परंतु तेथें त्यांचें चित्त पुस्तकांपेक्षां नाटकांतच अधिक रमलें. फिरत्या नाटकमंडळ्यांस ते पदें रचून देऊं लागले. अभ्यासाची ही हयगय आमच्या विद्यार्थ्यांनीं अनुकरणीय मानूं नये. तरी पण त्या दिवसांत त्यांनीं कान व लेखणी यांचा जो सराव केला, तो वायां गेला नाहीं. नंतर त्यांनीं बेळगांव येथें शिक्षकाचें काम केलें, व पुढें पुण्यास रेव्हिन्यू कमिशनरच्या कचेरींत नोकरी धरली. नाटकाचा छंद मात्र सुटला नाहीं. १८७३ सालीं त्यांनीं 'शांकरदिग्जय' हें गद्य नाटक लिहिलें.

त्या काळीं नाटकाचे दोन प्रकार प्रचारांत होते. एक भाव्यांच्या पद्धतीचा. त्यांत पदें सर्व सूत्रधारानें म्हणावयाचीं, आणि पात्रांनीं त्या अनुरोधानें आयत्या वेळीं सुचेल तें भाषण करावयाचें. दुसरा प्रकार लिहिलेल्या गद्य नाटकांचा. त्यांत भाषणें नेमकीं असत, परंतु गाणें नसे. म्हणजे एकीकडे गाणें होतें, पण तें गाणाऱ्याच्या दुःखाचें वा आनंदाचें नव्हतें. दुसरीकडे सुखदुःख होतें, पण त्याला सूर नव्हता.

१८८० सालीं पुण्यास पारशी मंडळीचा 'इंद्रसभे'चा खेळ अण्णासाहेबांनीं पाहिला. असें संगीतप्रधान नाटक मराठींत कां असूं नये, या विचारानें त्यांच्या मनाची पकड घेतली, आणि कालिदासाचें शाकुंतल मराठींत उतरविण्यास त्यांनीं आरंभ केला. ता. ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहांत त्याचे पहिले चार अंक रंगभूमीवर आले. आतां पदें सूत्रधाराच्या मुखांतून निघून ज्याचीं त्याच्या मुखीं गेलीं. दुष्यंताचा मोह दुष्यंतानें गावा आणि कन्या सासरीं जात असतां पित्याचा गहिंवर कण्वानेंच गावा, अशी ही योजना होती.

आतां पदरचनेची रीत पाहूं. अण्णासाहेब बहुधा नवी चाल शोधीत बसत नसत. कीर्तनांतल्या, लावणीच्या, बायकांच्या गाण्यांतल्या, कानडी पदांच्या, बैठकीतल्या चिजांच्या अशा अनेक चाली त्यांच्या कानांत सांठलेल्या होत्या. प्रसंग समोर आला कीं त्याला शोभेल अशी चाल ते या भांडारांतून निवडीत, आणि तींत आपले शब्द बसवीत. छापील नाटकांत पदाच्या माथ्यावर मूळ गाण्याची चाल नमूद केलेली आढळते, ती यामुळेंच. कथाभाग झटपट पुढें न्यावयाचा असेल तेथें ते साकी किंवा दिंडी योजीत. मन भरून येण्याचा प्रसंग असेल तेथें पद घालीत. शब्द इतके सोपे कीं प्रथम ऐकणारासही अर्थ लागावा.

दुसऱ्याची चाल घेणें म्हणजे उसनवारी नव्हे काय, अशी शंका कोणी काढील. आमच्या मतें ती शंका वरवरची आहे. माती कुंभार निर्माण करीत नाहीं, पण घडा त्याचाच असतो. प्रेक्षकांच्या ओळखीची चाल कानीं पडतांच त्यांचें मन आपोआप उघडे, आणि त्या उघड्या दारानें नवा अर्थ आंत शिरे. कोणत्या क्षणीं कोणत्या पात्रानें कोणत्या सुरांत बोलावें, हें ओळखण्यांतच अण्णासाहेबांची खरी प्रतिभा होती.

दुसरी गोष्ट अशी कीं, त्यांनीं रचना पूर्ण होण्याची वाट पाहत ती पेटींत ठेविली नाहीं. शाकुंतलाप्रमाणेंच 'सौभद्रा'चेही प्रथम तीनच अंक ता. १८ नोव्हेंबर १८८२ रोजीं पुण्यास झाले, व पुढील अंक १८८३ सालीं त्यांस जोडले गेले. ते लिहीत होते तेंही डोळ्यांपुढें असलेल्या नटांसाठीं. मोरोबा वाघोलीकर व बाळकोबा नाटेकर यांच्यासारखे गाणारे त्यांच्या मंडळींत होते. बडोद्याकडून आलेले भाऊराव कोल्हटकर १८८२ सालीं येऊन मिळाले, आणि सुभद्रेच्या भूमिकेंत त्यांच्या उंच व गोड आवाजानें लोकांस वेड लाविलें. त्या काळीं स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत. सौभद्राचें कथानक महाभारतांतील खरें, पण त्यांतील कृष्ण, रुक्मिणी व बलराम हे एखाद्या मराठी घरांतल्या माणसांप्रमाणें रुसतात, रागावतात व थट्टा करितात.

१८८४ सालीं 'रामराज्यवियोग' या तिसऱ्या संगीत नाटकाचे तीन अंक रंगभूमीवर आले. तें नाटक मात्र पुरें व्हावयाचें नव्हतें. ता. २ नोव्हेंबर १८८५ रोजीं अण्णासाहेब निवर्तले. वय अवघें बेचाळीस वर्षांचें! शाकुंतलाच्या पहिल्या रात्रीपासून त्या दिवसापर्यंत मोजलें तर पांच वर्षें आणि वर दोन दिवस, एवढाच काळ त्यांस मिळाला.

परंतु एवढ्या अवधींत लाविलेलें रोप जगलें. त्यांचे बेळगांवचे विद्यार्थी गोविंद बल्लाळ देवल यांनीं पुढें 'शारदा' नाटक रचिलें, व तें किर्लोस्कर मंडळीनेंच १८९९ सालीं रंगभूमीवर आणिलें. बालगंधर्वही १९०५ सालीं याच मंडळींत प्रथम आले. सौभद्राचे प्रयोग तर आजही होत असतात.

विद्यार्थिमित्रहो, अण्णासाहेब अजून तयारी झाली नाहीं म्हणून थांबले असते, तर शाकुंतलाचे चार अंकही महाराष्ट्रानें पाहिले नसते. जें आपल्या कानावर रोज पडतें, जें आपल्या आईच्या ओंठीं आहे, तेंच नीट ऐकावें व त्यांतूनच आपलें काम आरंभावें, हा त्यांच्या चरित्राचा बोध आहे. आणि पालकांसही आमची एक विनंति आहे. मुलगा गुणगुणत असेल तर त्यास एकदम दटावूं नये. अभ्यास झाला आहे ना, एवढें मात्र अवश्य विचारावें.