भंगारातून साकारलेला कॅमेरा : कलामहर्षी बाबूराव पेंटर

जुन्या बाजारातून मोडकी यंत्रे आणावीत, त्यांतील भिंगे, चक्रे आणि स्प्रिंगा निराळ्या कराव्यात आणि त्यातून आपल्याला हवे ते नवे साधन उभे करावे, हा छंद आजच्या तरुणांनाही परिचित आहे. निकामी झालेल्या डीव्हीडी ड्राइव्हमधील डायोड आणि भिंग काढून घरच्या घरी लेझर पॉइंटर बनविणारी मुले त्याच परंपरेतील. मात्र सुमारे शंभर वर्षांपूर्वी कोल्हापुरात अशाच खटपटीतून एका अख्ख्या कलाव्यवसायाचा पाया घातला गेला. त्या खटपटीचे शिल्पकार म्हणजे कलामहर्षी बाबूराव पेंटर.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. आडनाव मेस्त्री, परंतु कुंचल्याने मिळवून दिलेले पेंटर हेच नाव त्यांना कायमचे चिकटले. चित्रकला आणि शिल्पकला ते स्वतःच शिकले. नात्याने भाऊ असलेल्या आनंदराव पेंटर यांच्यासह ते संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. सपाट कापडावर खोली आणि छायाप्रकाश यांचा भास निर्माण करण्यात या जोडीचा हातखंडा होता.

१९१३ मध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला आणि या दोघा भावांना हलत्या चित्रांनी झपाटले. मुंबईच्या चोरबाजारातून त्यांनी एक जुना प्रोजेक्टर मिळविला. पण दुसऱ्याची चित्रे दाखवून त्यांचे समाधान होणारे नव्हते. स्वतःची चित्रे घ्यायची तर कॅमेरा हवा होता. फाळके यांनी आपला कॅमेरा थेट लंडनहून आणला होता. कोल्हापूरच्या या चित्रकारांजवळ तेवढे भांडवल नव्हते आणि त्यातच १९१४ मध्ये महायुद्ध पेटल्याने परदेशी माल मिळणे दुरापास्त झाले. तेव्हा कॅमेरा आपणच बनवायचा, असा निश्चय त्यांनी केला.

या निश्चयाला यंत्रशास्त्राचा आधार होता. प्रोजेक्टर आणि कॅमेरा ही एकाच तत्त्वाची दोन रूपे आहेत. एकात दिव्याचा प्रकाश फिल्ममधून बाहेर पडद्यावर जातो. दुसऱ्यात बाहेरचा प्रकाश भिंगातून आत येऊन फिल्मवर उमटतो. दोन्हींत ३५ मिलिमीटर रुंदीची पट्टी अखंड धावत नाही. एक चौकट क्षणभर थांबते, झडप उघडते व मिटते, मग कडेच्या छिद्रांना धरून पट्टी नेमकी एका चौकटीइतकी पुढे ओढली जाते. मूकपटाच्या काळात हे सेकंदाला साधारण सोळा वेळा घडावे लागे. ओढ केसभर चुकली तर चित्र थरथरणार आणि पेटीत प्रकाशाची एक तिरीप शिरली तर सारी फिल्म वाया जाणार! हातातील प्रोजेक्टर उलगडून त्याची रचना समजून घेणे, हेच या भावांचे विद्यापीठ ठरले.

प्रयोग अर्ध्यावर असतानाच १९१६ मध्ये आनंदरावांचे निधन झाले. या आघाताने दुसरा कोणी खचला असता. बाबूरावांनी मात्र भावाचे स्वप्न सोडले नाही. यंत्रांची उपजत जाण असलेले त्यांचे शिष्य विष्णुपंत दामले मदतीला होते. गुरु-शिष्यांनी भाग जमवीत, घडवीत आणि चुकलेले पुन्हा करीत १९१८ मध्ये कॅमेरा पूर्ण केला. तानीबाई कागलकर यांनी केलेल्या आर्थिक साहाय्यामुळे महाराष्ट्र फिल्म कंपनीही उभी राहिली.

याच देशी कॅमेऱ्यावर कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ चित्रित झाला. फाळके यांच्या पहिल्या चित्रपटात स्त्रीभूमिका पुरुषांनी केल्या होत्या. येथे त्या स्त्रियांनी केल्या. ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात तो झळकला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी देऊन गौरविले. घरी घडविलेल्या यंत्राची याहून मोठी परीक्षा ती कोणती!

पुढेही प्रकाशाशी चाललेला त्यांचा खेळ थांबला नाही. ‘सिंहगड’ (१९२३) या चित्रपटात त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा वापर केला. सूर्यावर अवलंबून असलेल्या भारतीय चित्रपटाला रात्र गवसली ती येथे. ‘सावकारी पाश’ (१९२५) मध्ये त्यांनी पुराणकथा बाजूला ठेवून कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची कहाणी सांगितली. त्यात तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती.

१९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर हे शिष्य बाहेर पडले आणि त्यांनी प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. गुरूच्या संस्थेला हा मोठा धक्का होता. लवकरच ती बंद पडली. परंतु प्रभातने पुढे जे वैभव पाहिले, त्याचे मूळ कोल्हापूरच्या त्याच कार्यशाळेत होते. १६ जानेवारी १९५४ रोजी बाबूरावांचे निधन झाले.

त्यांचे बहुतेक मूकपट काळाच्या उदरात गडप झाले आहेत. कोल्हापुरात कॅमेऱ्याचे स्मारक मात्र उभे आहे. नायक-नायिकेचा नव्हे, तर एका यंत्राचा असा सन्मान करणारे हे शहर आपल्या कलेचा उगम विसरलेले नाही, हेच खरे.