आंरी प्वांकारे

आंरी प्वांकारे (२९ एप्रिल, १८५४:नान्सी, फ्रान्स - १७ जुलै, १९१२:पॅरिस, फ्रान्स) हे फ्रेंच गणितज्ञ, भौतिकशास्त्रज्ञ व तत्त्वज्ञ होते. अरेषीय गतिकीचा व पुढे विकसित झालेल्या अराजकता सिद्धान्ताचा पाया त्यांच्या संशोधनाने घातला.

तीन पिंडांचा प्रश्न

स्वीडन व नॉर्वेचे राजे दुसरे ऑस्कर यांच्या साठाव्या वाढदिवसानिमित्त जाहीर झालेली गणितस्पर्धा प्वांकारे यांनी १८८९ मध्ये जिंकली. परस्परांना आकर्षित करणाऱ्या तीन पिंडांची गती हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. प्रबंध छापला गेल्यावर त्यातील स्थैर्याच्या सिद्धतेत गंभीर चूक आढळली. छापलेल्या प्रती परत मागवण्यात आल्या. पुनर्मुद्रणाचा खर्च प्वांकारे यांनी स्वतः सोसला. तो पारितोषिकाच्या २,५०० क्रोनरांहून अधिक होता. १८९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुधारित प्रबंधात, नियम निश्चित असूनही गतिमार्ग अत्यंत गुंतागुंतीचे होऊ शकतात, हे त्यांनी दाखवले. आरंभस्थितीतील सूक्ष्म फरकाचा परिणाम मोठा होऊ शकतो आणि मग भाकीत अशक्य ठरते, असे विवेचन त्यांनी १९०८ च्या 'विज्ञान आणि पद्धती' या ग्रंथात केले.

अर्थशास्त्र

रोखेबाजारातील किमतींच्या चढउतारांना संभाव्यताशास्त्र लावणाऱ्या लुई बाशेलिए यांच्या १९०० मधील प्रबंधाचे प्वांकारे परीक्षक होते. १९०१ मध्ये अर्थशास्त्रज्ञ लेऑन वालरास यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी अर्थशास्त्रातील गणिताच्या वापराला विरोध केला नाही. मात्र माणूस पूर्णतः स्वार्थी व पूर्णतः दूरदर्शी असतो, या गृहीतकांपैकी दुसऱ्याबाबत त्यांनी सावधगिरी सुचवली.