सेल्फचं बटण आणि चार्ल्स केटरिंग

मागच्या महिन्यात माझ्या टूरिंग बाईकचा सेल्फ गेला. बटण दाबलं की नुसतं टक्क, पुढे शांतता. बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत होती, रिले वाजत होता, मोटरच्या जाड वायरपर्यंत करंट पोचत होता. म्हणजे मोटरच. बाईकला किक नाही! नवी मोटर कुरिअरने येईपर्यंत मी ज्या माणसाबद्दल वाचत बसलो, त्याची ही गोष्ट.

चार्ल्स केटरिंग. जन्म १८७६, अमेरिकेतल्या ओहायोत, शेतकऱ्याच्या घरी. डोळे इतके अधू की कॉलेज मध्येच सुटलं. मग मास्तरकी केली, टेलिफोनच्या लाईन टाकल्या, आणि १९०४ मध्ये एकदाचा इंजिनिअर झाला. डेटनच्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत त्याने गल्ल्याच्या मशीनला विजेची मोटर बसवली. डोकं कुठे चाललं बघा: गल्ला दिवसभर थोडाच उघडतो? क्षणभरच जोर हवा. मग मोटर छोटी ठेवायची आणि तेवढ्या क्षणापुरता तिच्यावर जास्त लोड टाकायचा.

१९०९ मध्ये एडवर्ड डीड्सबरोबर त्याने डेल्को काढली. काम चालायचं डीड्सच्या घरामागच्या कोठारात. तेव्हा गाडी हँडल मारून सुरू व्हायची, आणि इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडायचं. केटरिंगने गल्ल्याचंच गणित इंजिनाला लावलं. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये सेल्फ आला. इंजिन चालू झालं की तीच मोटर जनरेटर बनून बॅटरी चार्ज करायची. भारीच ना?

आता माझी चूक. थंडीत मी बटण वीस-वीस सेकंद दाबून धरायचो. ही मोटर बनलीये क्षणभरासाठी. पाच सेकंद मारा, थांबा, मग परत. जुनी खोलली तर आतले कार्बन ब्रश पार झिजलेले.

केटरिंगचं सगळंच मला पटत नाही. १९२० ते १९४७ तो जनरल मोटर्सच्या संशोधनाचा प्रमुख होता. १९२१ मध्ये त्याच्या हाताखालच्या थॉमस मिजलीने इंजिनाची खटखट थांबवायला पेट्रोलमध्ये शिशाचं रसायन घातलं. १९२४ मध्ये ते बनवणारे कामगार विषबाधेने मेले, तरी धंदा कायमचा थांबला नाही. ते विकणाऱ्या कंपनीचा पहिला अध्यक्ष केटरिंगच. आपल्याकडे देशभर शिसं बंद व्हायला २००० साल उजाडलं. म्हणजे आमचे बाबा स्कूटरवर तोच धूर खात फिरले. १९४५ मध्ये न्यूयॉर्कला उभ्या राहिलेल्या कॅन्सर संशोधन संस्थेवरही त्याचं नाव आहे. १९५८ मध्ये तो गेला.

मोटर आली. आधी बॅटरीची मायनस वायर काढली, मग मोटरची जाड वायर, मग दोन बोल्ट. नव्या ओ-रिंगला ऑइलचं बोट लावलं, बसायची जागा घासून चकचकीत केली, कारण अर्थिंग तिथूनच मिळतं. मायनस सगळ्यात शेवटी. दुपार गेली, एक बोल्ट इंजिनाखाली हरवून परत सापडला.

बटण दाबलं. दुसऱ्या सेकंदाला इंजिन धडधडलं आणि मी अंगठा लगेच उचलला.