डॉ. टॉमस यंग व जलबिंदूचा कोन

अळवाच्या पानावर पडलेलें पाणी मोत्यासारखें गोल राहतें व पान हलतांच घरंगळून जातें, हें आमच्या बालवाचकांनीं पाहिलें असेलच. तेंच पाणी स्वच्छ कांचेवर मात्र पसरतें. असें कां व्हावें, ह्याचा उलगडा करणाऱ्या विद्वानाचें अल्प चरित्र आम्ही येथें देत आहों.

टॉमस यंग ह्यांचा जन्म इंग्लंडांतील मिल्व्हर्टन गांवीं, ता. १३ जून १७७३ रोजीं एका क्वेकर कुटुंबांत झाला. दहा भावंडांत ते सर्वांत वडील. दुसऱ्या वर्षींच ते वाचूं लागले. लंडन, एडिंबरो व गटिंगेन येथें वैद्यक शिकून १७९६ सालीं ते डॉक्टर झाले. १८०१ सालीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें त्यांस अध्यापकाची जागा मिळाली. परंतु वैद्यकीस बाध येऊं नये म्हणून १८०३ सालीं त्यांनीं ती सोडिली.

ह्याच सुमारास त्यांजवर कठीण प्रसंग ओढवला. प्रकाश लहरींच्या रूपानें जातो, हें त्यांचें मत न्यूटनच्या मताविरुद्ध होतें. म्हणून 'एडिंबरो रिव्ह्यू' ह्या वजनदार नियतकालिकांत हेन्री ब्रूम ह्यांनीं त्यांची कठोर निर्भर्त्सना केली. यंग ह्यांनीं १८०४ सालीं उत्तरादाखल एक पुस्तिका छापिली. तिची एकच प्रत खपली!

दुसरा कोणी हताश होऊन स्वस्थ बसला असता. पण त्याच वर्षाच्या डिसेंबरांत द्रवांच्या संसक्तीवरील त्यांचा निबंध रॉयल सोसायटीपुढें वाचला गेला. थेंबाच्या कडेशीं तीन ओढी असतात: एक द्रवाच्या पृष्ठभागाची, दुसरी घन पदार्थाच्या पृष्ठभागाची, व तिसरी ते दोन्ही जेथें भेटतात त्या सीमेची. त्यांचा समतोल होऊन थेंबाचा कोन ठरतो. म्हणून द्रव व घन ह्यांच्या प्रत्येक जोडीस तिचा स्वतःचा कोन असतो. निबंधांत समीकरण एकही नव्हतें, सर्व विवेचन शब्दांनींच केलेलें होतें. आज त्यांच्या नांवानें प्रसिद्ध असलेलें समीकरण पुढील शास्त्रज्ञांनीं त्यावरून मांडलें.

ह्या नियमाचें महत्त्व आज प्लास्टिकच्या युगांत विशेष जाणवतें. पॉलिथीनच्या पृष्ठभागावर केवळ कार्बन व हायड्रोजन असल्यामुळें पाण्याची त्याशीं जवळीक होत नाहीं. थेंब फुगीर राहतो व शाईही नीट धरत नाहीं. हवेंतून विद्युत्स्फुरण सोडल्यास त्या पृष्ठभागास प्राणवायूचे अणु जोडले जातात, कोन लहान होतो व द्रव पसरूं लागतो. दुधाच्या पिशवीवरील अक्षरें टिकतात तीं ह्याच युक्तीनें. ठराविक ठिपक्यांवरच असा संस्कार केला, तर थेंब त्या ठिपक्यांवरच जमतात व त्यांची सुबक नक्षी तयार होते. थराची जाडी अणूंएवढी, परंतु थेंबाचें वर्तन तोच ठरवितो!

पुढें १८११ सालीं यंग लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयांत वैद्य झाले. प्राचीन मिसरी लिपीच्या उलगड्यासही त्यांनीं हातभार लाविला. फ्रान्समध्यें फ्रेनेल ह्यांच्या संशोधनानें लहरींच्या मतास बळकटी आलेली त्यांनीं हयातींतच पाहिली. ता. १० मे १८२९ रोजीं लंडन येथें ते वारले.

निंदकांस उत्तर देण्यासाठीं लिहिलेली पुस्तिका कोणी वाचली नाहीं; निंदेकडे पाठ फिरवून केलेलें काम मात्र दोन शतकें टिकलें. आमच्या विद्यार्थ्यांनीं एवढें ध्यानांत ठेविलें, तरी हें चरित्र लिहिल्याचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.