क्रिस्तियन डॉप्लर : लहरींतून गती ओळखणारा शास्त्रज्ञ

म्हैसूरहून बंगळूरूकडे धावणाऱ्या गाडीत प्रवासी भ्रमणध्वनीवर बोलत असतो. तो मनोऱ्याच्या जवळ येत असताना मनोऱ्याला त्याच्या रेडिओलहरींची वारंवारता किंचित वाढलेली जाणवते; दूर जाताना ती घटते. या सूक्ष्म फरकावरून त्याच्या गतीचा अंदाज बांधता येतो. या तत्त्वाचे जनक क्रिस्तियन डॉप्लर.

साल्झबुर्ग येथील पाथरवटाच्या घराण्यात 29 नोव्हेंबर 1803 रोजी त्यांचा जन्म झाला. प्रकृती नाजूक असल्याने पिढीजात व्यवसाय सोडून ते गणिताकडे वळले. मनाजोगते काम मिळेना, तेव्हा 1835 मध्ये त्यांनी अमेरिकेला जाण्याची तयारी केली. तोच प्राग येथे अध्यापकपद लाभले. त्याच नगरीत 25 मे 1842 रोजी त्यांनी आपला सिद्धान्त मांडला. तीन वर्षांनी बॉइस बॅलट यांनी उट्रेख्तजवळ धावत्या आगगाडीवर तुतारीवादक बसवून ध्वनीच्या बाबतीत तो पडताळून पाहिला.

ताऱ्यांचे रंग त्यांच्या गतीमुळे दिसतात, हे डॉप्लर यांचे अनुमान मात्र चुकीचे होते. 1852 मध्ये व्हिएन्नात गणितज्ञ पेट्झवाल यांनी तर मूळ सिद्धान्तच नाकारला. व्याधिग्रस्त डॉप्लर 17 मार्च 1853 रोजी व्हेनिस येथे निवर्तले, अवघ्या 49 व्या वर्षी. रेडिओलहरी प्रयोगाने सिद्ध होण्यास तेव्हा तीन दशकांहून अधिक अवकाश होता.

एक उदाहरण चुकले म्हणून तत्त्व खोटे ठरत नाही, हा बोध विद्यार्थ्यांनी या चरित्रातून अवश्य घ्यावा.