‘रजनी’च्या मागची लेखिका: प्रिया तेंडुलकर कोण होत्या?

जुन्या मालिकांचा विषय निघाला की डोणगावसारख्या गावातही पन्नाशी ओलांडलेल्यांना ‘रजनी’ आठवते. १९८५मध्ये दूरदर्शनवर आलेल्या बासू चॅटर्जींच्या या मालिकेतली गृहिणी गॅस सिलिंडरवाल्यापासून टॅक्सीचालकापर्यंत कुणालाही जाब विचारायची. टॅक्सीचालक तर चांगलेच चिडले होते. ग्राहक संरक्षण कायदा आला तो त्यानंतर, १९८६मध्ये!

रजनी साकारणाऱ्या प्रिया या नाटककार विजय तेंडुलकरांच्या कन्या. जन्म १९५४चा. ‘अंकुर’मध्ये त्या आधीच झळकल्या होत्या, नंतर त्यांचा टॉक शोही गाजला. त्यांनी मराठीत कथा लिहिल्या, ‘ज्याचा त्याचा प्रश्न’ हा त्यांचाच संग्रह. पण रजनीपुढे ही लेखिका झाकोळली, हे खरं. १९ सप्टेंबर २००२ रोजी त्यांचं निधन झालं. वय अवघं ४७. वडील तेव्हा हयात होते.