शिरढोण ते एडन : एका वस्तादाची अखेरची धाव

पनवेलजवळ पळस्पे फाट्यावर रस्ता दुभंगतो. एक वाट बोरघाटाकडे चढते, तर दुसरी कर्नाळ्याच्या सुळक्याखालून कोकणात उतरते. सुटीच्या दिवशी पहाटे सराव करणाऱ्या सायकलस्वारांचे जथे या रस्त्यांवर हमखास दिसतात. चढ आणि ऊन यांना पुरून उरायचे तर शरीर अगोदरच कसावे लागते, हे त्यांना ठाऊक असते. याच मातीत जन्मलेल्या एका माणसाने दीडशे वर्षांपूर्वी हा धडा निराळ्या हेतूने गिरवला होता. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके बंडखोर म्हणून सर्वांना परिचित आहेत; परंतु बंडापूर्वी ते तरुणांना घडवणारे वस्ताद होते, हे फारसे लक्षात घेतले जात नाही.

पनवेल तालुक्यातील शिरढोण येथे ४ नोव्हेंबर १८४५ रोजी त्यांचा जन्म झाला. आजोबा अनंतराव हे कर्नाळा किल्ल्याचे किल्लेदार होते. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि किल्ला इंग्रजांकडे गेला. घराण्याच्या या आठवणी ऐकतच वासुदेव वाढले. मुंबईत किरकोळ नोकऱ्या केल्यानंतर ते पुण्यात लष्करी हिशेब खात्यात कारकून झाले. आई अत्यवस्थ असताना रजा वेळेवर मिळाली नाही आणि तिची अखेरची भेट हुकली. पुढे वर्षश्राद्धासाठीही रजा नाकारण्यात आली. हा घाव त्यांच्या मनातून कधीच भरला नाही.

न्यायमूर्ती रानडे यांच्या व्याख्यानांतून त्यांना देशाच्या दारिद्र्याची कारणे उमगली, तर लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत शरीर घडले. कचेरीतील काम संपले की कुस्ती, दांडपट्टा, तलवार आणि घोडदौड असा त्यांचा क्रम असे. पुण्याभोवतालच्या निर्जन टेकड्यांवर ते तरुणांना हे शिक्षण देत. पत्नी गोपिकाबाई यांनाही त्यांनी लिहायला, वाचायला आणि शस्त्र चालवायला शिकवले. पुढे महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी म्हणून नावारूपाला आलेल्या संस्थेच्या उभारणीत वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्यासमवेत त्यांचाही वाटा होता. बुद्धी आणि बाहू या दोहोंची मशागत एकाच वेळी व्हावी, ही त्यांची धारणा होती.

१८७६-७७ च्या दुष्काळाने त्यांच्या आयुष्याला निर्णायक वळण दिले. अन्नावाचून तडफडणारी गावे त्यांनी पाहिली आणि अर्जविनंत्यांवरचा त्यांचा विश्वास उडाला. शिकलेल्या वर्गाकडून साथ मिळेना, तेव्हा ते रामोशी, कोळी, मांग अशा राबणाऱ्या आणि काटक समाजांकडे वळले. २० फेब्रुवारी १८७९ रोजी पुण्याजवळ लोणीच्या परिसरात त्यांनी आपले दल उभारले आणि शिरूर तालुक्यातील धामारीवर पहिला छापा घातला.

येथेच त्यांच्या शिक्षणाची खरी कसोटी लागली. डोंगर तुडवणे, उपाशीपोटी रात्र काढणे आणि पहाटे मुक्काम हलवणे हे त्यांच्या माणसांना जमत होते. परंतु पोटासाठी आलेल्या माणसाला राज्य उलथवण्याच्या स्वप्नाशी बांधून ठेवणे अवघड होते. लुटीच्या वाटणीवरून मतभेद झाले, काही जण घरी परतले. शरीराची तयारी काही महिन्यांत होते. मनाच्या तयारीला तेवढा अवधी इंग्रज सरकारने दिला नाही.

मे १८७९ मध्ये दौलतराव नाईक यांच्या तुकडीने पनवेलनजीकच्या पळस्पे आणि चिखली या गावांवर छापे घालून सुमारे दीड लाखांचा ऐवज मिळवला. मात्र घाटमाथ्याकडे परतताना मेजर डॅनियलच्या फौजेशी झालेल्या चकमकीत दौलतराव मारले गेले आणि बंडाचा कणाच मोडला. फडके यांनी निजामाच्या मुलखात रोहिल्यांची नवी फौज जमवण्याचा प्रयत्न केला. त्यांच्यावर इनाम लागलेलेच होते. जुलै १८७९ मध्ये विजापूर भागातील देवर नावदगी येथे थकलेल्या अवस्थेत ते पकडले गेले. पुण्यातील खटल्यात सार्वजनिक काका अर्थात गणेश वासुदेव जोशी त्यांच्या बाजूने उभे राहिले. शिक्षा झाली ती आजन्म काळ्या पाण्याची.

१८८० च्या आरंभी त्यांना एडनला नेण्यात आले. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला ज्वालामुखीचे काळे उघडे खडक आणि पलीकडे अरबस्तानचे वाळवंट. पावसाचे पाणीही तेथे दुर्मिळ. एवढ्या कडेकोट बंदोबस्तातही कोठडीच्या दाराच्या बिजागऱ्या उखडून ते निसटले आणि धावत सुटले. सह्याद्रीत हाकेला ओ देणारी झाडी होती, भाकर देणारी वस्ती होती. या रखरखाटात ना आडोसा होता, ना ओळखीची भाषा. काही मैलांवरच ते पुन्हा पकडले गेले. ज्याने इतरांना समूहाने धावायला शिकवले, त्याच्या नशिबी अखेरची धाव एकट्याची आली.

१७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगातच त्यांचे निधन झाले. वय अवघे ३७ वर्षांचे होते. १९८४ मध्ये भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. शिरढोण येथे त्यांचे स्मारकही आहे. कर्नाळ्याकडे जाणाऱ्यांनी महामार्ग सोडून तेथे घटकाभर थांबावे. त्यांचे बंड काही महिन्यांत मोडले गेले. पण सामान्य घरातील माणसे कसून तयार केली तर साम्राज्यालाही फौज धाडावी लागते, हे त्यांनी दाखवून दिले होते.